चौकशी संपेपर्यंत मूर्ती तिथंच

लहानपणी डोळे मिटून भाकरीचा तुकडा तोंडात घातला तरी तो कोणत्या घरचा ते मी सांगत असे. एका घरची कायम करपलेली. एका घरची जाड, पण दोन दिवसांची. एका घरी मीठ सांडल्यासारखं पडलेलं असे. आमच्या चुलीवर भाकर क्वचितच भाजली जाई. बाबा गावाची कामं करत: मेल्याचा निरोप परगावी पोचवायचा, साहेब आला की त्याच्या सामानासोबत पळायचं, मेलेलं ढोर ओढून न्यायचं. त्याच्या बदल्यात माय संध्याकाळी टोपली घेऊन दारोदार फिरे, आणि दार न ओलांडता जे वरून पडेल ते घेऊन येई. आमचं गाव उमरखेड तालुक्यात, ढाणकीच्या अलीकडं, पैनगंगेला लागून.

छप्पन साली बाबा नागपूरला गेले आणि पांढऱ्या कपड्यांत परत आले. आल्याबरोबर त्यांनी गावकाम सोडलं. वस्तीतल्या सगळ्यांनीच सोडलं. मग घराघरांतले देव काढले. टाक, शेंदराचे दगड, मरीमायचा मुखवटा, सगळं एका मोठ्या टोपल्यात भरलं. ते टोपलं माझ्या आत्यानं डोक्यावर घेतलं. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, नवरा गेल्यापासून आमच्यातच राहणारी. हयातभर तिनंच त्या देवांना तेल वाहिलं होतं, म्हणून पोचवायचा मानही तिचाच. नदीला चांगलं पाणी होतं. तिनं टोपलं पाण्यावर टेकवलं आणि मोठ्यानं म्हणाली, "जा बाप्पा हो, आता तुमचं तुमी पाहा." मागं वळून न पाहता, रिकामं टोपलं घेऊन ती घरी आली.

गावानं त्या हंगामात आम्हाला कापूस वेचायला बोलावलं नाही. तरोट्याची भाजी उकडून आम्ही दिवस काढले. घरातला देवाचा कोनाडा मोकळा होता. सवयीनं मायचा हात संध्याकाळी दिवा घेऊन तिकडं जाई आणि तसाच परत येई.

त्या उपाशी घरातून मी शाळा शिकले आणि नागपूरच्या कॉलेजात गेले. आमच्या वस्तीतलं कॉलेजात गेलेलं पहिलं माणूस मी, आणि ते माणूस बाई होतं. हे मी लाजून सांगत नाही.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी घरी असताना एक परदेशी भिक्खू आमच्याकडं आले. उमरखेडला कार्यक्रम होता, तिथून लोकांनी त्यांना बैलगाडीत बसवून आणलं. भिक्खू दुपारनंतर जेवत नाहीत म्हणून मायची धांदल उडाली. जाताना त्यांनी पेटीतून एक मूर्ती काढली, मांडीवरच्या लेकराएवढी, आणि बाबांच्या हातात दिली. माझं इंग्रजी तेव्हा पुस्तकातलं. त्यांचं मला निम्मं कळलं. भिक्खू होते लंकेचे, मूर्ती म्हणे ब्रह्मदेशातल्या कारागिराची, आणि पेटीवर जी अक्षरं होती ती कोणत्या भाषेची हे त्यांनी सांगितलं की नाही तेही मला आठवत नाही. बाबांनी विचारलं, "काय म्हनते?" मी म्हटलं, "लांबून आली आहे, सांभाळा."

मूर्ती कोनाड्यात मावेना. बाबांनी तिला घरात पाटावर ठेवलं. घर एका खणाचं. रोज वस्तीतली माणसं पाया पडायला येऊ लागली, तशी आम्ही अंगणात झोपू लागलो. विहाराला जागा हवी होती. गाव आणि वस्ती यांच्यामध्ये रस्त्याकडेला गावठाणाचा एक तुकडा रिकामा पडून होता. सरपंचांनी तो द्यायचं तोंडी कबूल केलं. निवडणूक जवळ आली होती, तेव्हा ते पुष्कळ गोष्टी कबूल करत होते.

सदुसष्टच्या त्या निवडणुकीत मी पहिल्यांदा मत दिलं. वस्तीनं सरपंचांच्या माणसाला मत दिलं नाही. हे त्यांना कसं कळलं ते विचारू नये. गावात कळतं.

परीक्षा देऊन मी उन्हाळ्यात घरी आले तेव्हा पंचायतीच्या रेडिओवर एकच विषय होता. निवडणुकीत परदेशचा पैसा आला, त्याची सरकारनं गुप्त चौकशी केली, आणि आता लोकसभेत भांडण, की चौकशीत काय निघालं ते सांगा. कोणी म्हणे अमेरिकेचा पैसा, कोणी म्हणे रशियाचा. हा पक्ष म्हणे त्यानं घेतला, तो म्हणे यानं. वर्तमानपत्र दोन दिवसांनी येई, आणि आल्यावर रेडिओपेक्षा जास्तच गोंधळ करी. लोक माझ्याकडं पाहत. बी.ए.ची परीक्षा दिलेली मुलगी, हिला माहीत असणार. मला काही माहीत नव्हतं. पैसा कसा येतो, कोणाच्या हातात देतात, घेणाऱ्याला तो परदेशचा आहे हे कळतं का, यातलं एकही उत्तर माझ्यापाशी नव्हतं. तरी मी मान डोलवत असे.

एका दिवेलागणीला बातम्या संपल्या. बाबा आणि मी जागेचं विचारायला पंचायतीपुढं उभे होतो. सरपंच खुर्चीवर होते.

"बॅरिस्टरीणबाई," ते मला म्हणाले, "तुमच्या घरची मूर्ती कोन्या देशची?"

मी लंका म्हटलं, मग ब्रह्मदेश म्हटलं, मग पेटीची आठवण होऊन थांबले.

"पाहा," ते बाकीच्यांकडं वळून म्हणाले, "हिलेच ठाव नाई. निवडनुकीच्या आंधी बाहेरून वस्तू येते, अन् वस्तीचं मत फिरते. आता मी काय समजू?"

"डोये पाह्यले काय त्याचे?" मागून कोणीतरी बोललं. "चिनी हाये चिनी."

सगळे हसले. चीनचं युद्ध होऊन फार वर्षं झाली नव्हती, त्यामुळं ते हसणं मला टोचलं.

बाबा शांतपणे म्हणाले, "त्यानं डोये मिटले हायेत, पाटील. मिटेल डोये साऱ्या मुलखाचे सारखेच."

पुन्हा हसू आलं, पण या खेपेला सरपंच हसले नाहीत. "हे पाह्य," ते म्हणाले, "दिल्लीची चौकशी चालू हाये. उद्या गावावर बालंट आलं त मी कायले मरू? चौकशी संपेपर्यंत जागेचं बोलनं बंद. जे जिथं हाये ते तिथंच राहू द्या. आमी काही हलवनार नाई, तुमीबी काही हलवाचं नाई."

"बरं," बाबा म्हणाले.

मला संताप आला होता, पण खरं सांगते, त्यापेक्षा जास्त गोंधळ होता. परदेशी मूर्ती घेतल्यानं मत विकलं असं होतं का? नाही, हे मला माहीत होतं. पण का नाही, हे चार माणसांपुढं सांगता येईना. त्या रात्री वस्तीतही तोच विषय निघाला.

"शायेत पोरांनी पावडरचं दूध पेलं ते कोनाचं?" एकीनं विचारलं.

"अमेरिकेचं," मी म्हटलं.

"अन् रेशनचा लाल जोंधया?"

"तोही."

"मंग आपन त पोटातूनच परदेशी झालो व माय."

माय कोपऱ्यातून म्हणाली, "मी त सोताच परमुलखातून आली." तिचं माहेर नदीपलीकडचं. तिच्या लग्नाच्या वेळी पैनगंगेच्या पलीकडं निजामाचं राज्य होतं, आणि उतारावरच्या नाक्यावर तिची लुगड्यांची गाठोडी सोडून पाहिली होती. पुढं तोच मुलूख आपला झाला, मग दोन्ही तीर एकाच राज्यात आले. मायनं कुठंच पाऊल टाकलं नव्हतं आणि ती देशी झाली होती. "देशी झाली तवा माही कोनी चौकशी केली नाई," ती म्हणाली. सगळे हसले. मी विचार करत राहिले की परदेश म्हणजे नक्की कुठून सुरू होतो. कॉलेजात हे कोणी शिकवलं नव्हतं.

आत्या मात्र हसली नाही. तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, "पोरी, बालंट आलं त तुया कागद अडकवतीन काय?" कागद म्हणजे माझी पदवी. निकाल लागायचा होता. मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "काय माहीत."

मग एके सकाळी तालुक्याची जीप आली आणि पंचायतीपुढं थांबली. वस्तीत बोभाटा झाला, चौकशी आली. बाबा बघायला गेले, त्यांच्यामागं माय आणि मीही. पटकीची लस टोचायला माणसं आली होती. हे सांगायला आम्ही परत आलो तेव्हा घरात पाट रिकामा होता. मूर्ती नव्हती, आत्या नव्हती, आणि छप्पन सालचं ते मोठं टोपलं नव्हतं.

कुठं गेली हे टोपल्यावरूनच कळलं. बाबा, माय आणि मी नदीकडं धावलो.

उन्हाळ्याची पैनगंगा म्हणजे रेती आणि मधेमधे डबकी. आत्याला डोहापर्यंत चालत जावं लागलं होतं, म्हणून आम्हाला ती सापडली. मांडीभर पाण्यात उभी होती. टोपलं तिनं पाण्यावर टेकवलं होतं, पण हात सोडला नव्हता.

"आत्या, जीप सुई टोचाले आली होती!" मी ओरडले. "बाहेर ये."

तिनं वळून पाहिलं. ती रडत होती आणि चिडलीही होती. "मी केव्हाची उभी हाये," ती म्हणाली. "'जा बाप्पा' म्हनाले गेली त तोंडातून निघेना. हा देव नाई म्हनता ना तुमी? देव असता त सोडला असता. देव सोडाची मले सवय हाये. मानसाले कसं सोडू मी?"

"सोडू नको ना," बाबा म्हणाले.

"'तुमचं तुमी पाहा' म्हनाले गेली, त मले आठवलं, हाच त म्हनते, आपला दिवा आपन व्हा, तुमचं तुमी पाहा. त्याचंच त्याले काय सांगू?"

बाबा पाण्यात उतरले. दोघांनी टोपलं उचलून बाहेर आणलं. मूर्तीचा तळ ओला झाला होता, बाकी ती कोरडी होती.

परतताना ऊन चढलं. मूर्ती लेकराएवढी असली तरी दगडाची, आणि आत्या थकली होती. गावठाणाच्या त्या रिकाम्या तुकड्यावर एक रुंद दगड होता, जुन्या कुठल्यातरी ओट्याचा. दम घ्यायला तिनं मूर्ती त्या दगडावर ठेवली आणि शेजारी बसली. आम्हीही बसलो. एवढ्यात लस टोचून घेतलेला दंड चोळत सरपंच रस्त्यानं आले आणि थबकले.

"हे काय?" ते म्हणाले. "जागा दिली नाई अन् बसवून मोकये झाले? उचला आंधी."

मी काहीतरी बोलायला उठले. घटना, हक्क, असलं. तोंडाशी आलेलं सगळं एकमेकांत अडकलं. बाबांनी हातानं मला बसवलं.

"उचललं असतं, पाटील," ते म्हणाले. "पन तुमीच म्हनले, चौकशी संपेपर्यंत जे जिथं हाये ते तिथंच राहू द्या. काही हलवाचं नाई म्हनून."

"अबे, तवा मूर्ती घरात होती!"

"आता इथं हाये. आता उचलली अन् उद्या दिल्लीनं इचारलं का, सरपंचानं मूर्ती काहून हलवली, त तुमी काय सांगसान?"

सरपंच माझ्याकडं पाहू लागले. मलाच विचारत होते, असं होतं का म्हणून. बी.ए.ची परीक्षा दिलेली बाई. मला खरोखरच माहीत नव्हतं. मी मान डोलवली.

त्यांनी दंड पुन्हा चोळला. मग म्हणाले, "बरं. चौकशी संपली का त्याच दिवशी उचलाची."

"त्याच दिवशी," बाबा म्हणाले.

त्यानंतर रेडिओपुढं सगळ्यांत आधी येऊन बसणारे सरपंच आणि आत्या हे दोघंच. बातम्या संपल्या की सरपंच मला विचारत, "संपली काय?" मी ऐकलेलं सांगे. सरकार म्हणतं, चौकशी झाली, पण अहवाल उघड करणार नाही. विरोधक म्हणतात, करा. मग बातमी आली की त्या गुप्त अहवालातलं बरंचसं परदेशातल्या एका वर्तमानपत्रात छापून आलं. सरपंच खुर्चीवरून उठलेच. "आपल्या निवडनुकीची चौकशी, ते आपल्याले नाई सांगत, अन् परदेशी लोक वाचून राह्यले? मंग आता याची चौकशी कोन करन?" मी म्हटलं, त्याचीच मागणी आहे. ते खाली बसले. त्या संध्याकाळी आम्ही दोघं एकाच गोष्टीवर गोंधळलेले होतो, आणि त्यांनी मला बॅरिस्टरीणबाई म्हटलं नाही.

अहवाल काही बाहेर आला नाही. तेव्हा चौकशी संपली असं म्हणता येईना आणि चालू आहे असंही म्हणता येईना. मूर्तीला ऊन लागतं म्हणून आत्यानं तिच्यावर कापसाच्या पळाट्यांचा मांडव घातला. तात्पुरता, असं सरपंचांना सांगून. पावसाच्या तोंडावर वस्तीनं वर्गणी काढून टिनाचे चार पत्रे टाकले, तेही तात्पुरते. सरपंच पाहून गेले. दिल्लीतल्या बातम्या पुढं दुसऱ्याच विषयांवर गेल्या.

कोणी पैसा घेतला, किती घेतला, घेतला तरी का, हे मला आजही सांगता येत नाही, आणि सांगता येतं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास बसत नाही.

माझा निकाल लागला. मी दुसऱ्या वर्गात बी.ए. पास झाले. दोनेक वर्षांनी नव्या पंचायतीनं तो तुकडा ठराव करून वस्तीच्या नावे केला. तिथं विटांच्या भिंतींचा विहार उभा राहिला, आणि मूर्ती त्याच दगडावर आहे.