टाचणीमावशींचा मदरबोर्ड

टाचणीमावशींचं खरं नाव बहुतेक गिऱ्हाइकांना ठाऊकच नव्हतं. ब्लाउजच्या कडेला ओळीनं टाचण्या खोवलेल्या असत, त्यावरून हे नाव पडलं आणि ते चिकटलं. त्या शिवणकाम करत, पण दुकानात टांगलेले कपडे ज्यांना सहज बसतात अशी माणसं त्यांच्याकडे फिरकत नसत. एक खांदा वर असलेले, चाकाच्या खुर्चीत बसणारे, पाठीला बाक आलेले लोक त्यांचा पत्ता शोधत येत आणि जाताना आरशात दोनदा बघून जात.

प्रत्येकाचं अंग वेगळं, म्हणून प्रत्येकाची बेतणीही वेगळी. मावशी ती कॉम्प्युटरवर आखत. मग भिंतीलगतचा प्लॉटर, म्हणजे पेन धरून मोठ्या कागदावर रेघा ओढणारं यंत्र, ती पूर्ण मापात काढून देई. प्लॉटर वीस वर्षांचा होता. करकरायचा, पण रेघ केसभरही चुकवत नसे.

एका सोमवारी सकाळी गायिकाबाईंच्या कोटाची पाठ आखता आखता कॉम्प्युटर बंद पडला तो पडलाच. या गायिकाबाई पाठीच्या बाकामुळे आयुष्यभर शालीत गुंडाळून गात आल्या होत्या. येत्या रविवारी पहिल्यांदाच शाल न घेता मंचावर उभं राहायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

जावई धावत आले. त्यांनी डबा उघडला, टॉर्च मारला आणि म्हणाले, "आई, डिस्क शाबूत आहे, तुमच्या बेतण्या सुखरूप आहेत. पण मदरबोर्ड गेला. हे बघा, हे कपॅसिटर कसे फुगलेत."

मावशींनी चष्मा सरसावला. एरवी सपाट असणाऱ्या त्या बारक्या नळकांड्यांची टोपणं टम्म फुगली होती.

"काही हरकत नाही," जावई खुशीत आले. "माझा जास्तीचा प्रोसेसर आणि मेमरी पडूनच आहे. फक्त बोर्ड घेऊ. मी एक हेरून ठेवलाय. सात रंगांत उजळतो!"

"जावईबापू, मला त्याच्यावर कोट आखायचाय. त्याची वरात नाही काढायची."

तरी दोघं मोठ्या दुकानात गेले. तिथल्या विक्रेतीनं प्लॉटरची नऊ पिनांची जुनी केबल पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हे असलं आता कुठल्याच बोर्डाला नसतं. यंत्र भंगारात काढा, नाहीतर यूएसबीचा जोड लावा."

तो जोड मावशींनी मागं एकदा लेकीच्या लॅपटॉपला लावून पाहिला होता. बाहीची गोलाई काढताना प्लॉटर मधेच अडखळला आणि कागदावर हत्तीचा कान उमटला. त्या हसल्या, "बरं बरं," म्हणाल्या आणि दुकानातून बाहेर पडल्या.

मंगळवारी त्या एकट्याच धूरकाकांकडे गेल्या. धूरकाका म्हणजे बाजाराच्या मागच्या गल्लीत कॉम्प्युटर दुरुस्त करणारे गृहस्थ. डाख लावायच्या, म्हणजे सोल्डरिंगच्या, तापलेल्या लोखंडाचा धूर त्यांच्याभोवती दिवसभर तरंगत असे. कोपऱ्यात मेलेल्या बोर्डांची छातीइतकी उंच चळत होती.

"काका, चांगला बोर्ड कुठला, ते मी विचारत नाही," मावशींनी स्टूल ओढून घेतलं. "तुमच्याकडे परत कुठले येतात ते सांगा."

धूरकाकांनी लोखंड खाली ठेवलं. "तीस वर्षं इथं बसतोय बाई. हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता."

मग त्यांची कळी खुलली. चळतीतला एकेक बोर्ड काढून ते दाखवू लागले. इथं प्रोसेसरला वीज पुरवणारे भाग उघडेच ठेवलेत, वर धातूचा ठोकळा नाही, म्हणून तापून जळाले. इथं कपॅसिटर हलक्या जातीचे आहेत. हा बोर्ड उत्तम होता, पण कंपनीनं वर्षभरात पाठ फिरवली, सॉफ्टवेअरच्या सुधारणा देणंच बंद केलं.

"आणि ते रंगीत दिव्यांचे?"

"तेही मरतात. फक्त मरताना देखणे दिसतात."

मावशी इतक्या हसल्या की शेजारचा किल्लीवाला डोकावून गेला.

बुधवारपर्यंत त्यांच्या वहीत दोन बोर्ड उरले. दोन्ही जावयांच्या प्रोसेसरला चालणारे, दोन्हींवर भक्कम ठोकळे, दोन्हींची हमी लांब मुदतीची. मावशींनी लेकीला दोन्हींची माहितीपुस्तकं छापून आणायला लावली आणि बेतणीच्या टेबलावर पसरून पट्टी ठेवत ओळ न् ओळ वाचली. दुसऱ्या पुस्तकाच्या चित्रात, बोर्डाच्या खालच्या कडेला, मुंगीएवढ्या अक्षरांत काहीतरी लिहिलं होतं. त्यांनी भिंग घेतलं. दोन ओळींत नऊ पिना होत्या आणि शेजारी 'कॉम' असं लिहिलेलं होतं.

त्या तशाच धूरकाकांकडे गेल्या. काकांनी चित्र पाहिलं आणि मांडीवर थाप मारली. "अहो, हेच तुमचं जुनं तोंड! मागच्या बाजूला काढलेलं नाही म्हणून दिसत नाही, पण बोर्डावर जिवंत आहे." त्यांनी खण उपसून एक चपटी तार शोधली. एका टोकाला या पिनांवर बसणारी खाच, दुसऱ्या टोकाला प्लॉटरच्या केबलचं तोंड. "घेऊन जा. जोडणीच्या वेळी मीही येतो. मला बघायचंय."

जावयांना कळलं तेव्हा त्यांनी हात जोडले. "आई, शेवटी तुम्हाला टाचण्याच सापडल्या!"

बोर्ड गुरुवारी आला. काळा, साधा, एकही दिवा नसलेला. जावयांनी मन लावून जोडणी केली. धूरकाका खुर्चीत बसून चहा पीत होते, मधेमधे "हळू" एवढंच म्हणत होते. बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा मात्र काळाच राहिला.

जावयांचा चेहरा उतरला. त्यांनी मेमरी काढून पुन्हा बसवली, पडद्याची केबल हलवली, कपाळाचा घाम पुसला. धूरकाकांना कारण दिसलं होतं, पण ते मिशीत हसत चहा पीत राहिले. मावशी वाकून डब्यात पाहू लागल्या. कापड हातात आलं की सुटलेला दोरा आधी दिसावा, अशी नजर कमावलेली त्यांची.

"जावईबापू, हे टोक कुठं शिवायचं राहिलं?"

वरच्या कोपऱ्यात, प्रोसेसरला वीज देणारी जाड केबल लोंबकळत होती. जावयांनी जीभ चावली, वीज बंद करून ती केबल खटकन बसवली आणि पुन्हा बटण दाबलं. पडदा उजळला. धूरकाकांनी कप उंचावला, लेकीनं टाळ्या वाजवल्या, आणि मावशी थेट प्लॉटरपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

प्लॉटर करकरला. पेन खाली टेकलं आणि गायिकाबाईंच्या पाठीची रेघ निघाली. डावीकडे भरून, उजवीकडे उतरत, वळणावर जराही न अडखळता ती खालच्या घेरापर्यंत गेली. मावशींनी तिच्यावरून बोट फिरवलं. डोळे भरून आले होते आणि हसूही आवरत नव्हतं.

शनिवारी सकाळी गायिकाबाई मापाला आल्या. निळा कोट घालून त्या आरशापुढे उभ्या राहिल्या. मग त्यांनी दोन्ही हात वर केले. कोट कुठं ओढला नाही, कुठं फुगला नाही. त्यांनी एक लांब सूर लावला, तो खिडकीबाहेर गेला आणि समोरच्या गच्चीत कपडे वाळत घालणारी बाई थबकली.

"मावशी, मी जरा खाली जाऊन येते. पाववाल्याला दाखवते, फुलवाल्याला दाखवते."

"अहो थांबा, अजून कच्चेच टाके आहेत!"

पण गायिकाबाई जिना उतरल्याही होत्या. पाठीवर पांढऱ्या कच्च्या टाक्यांच्या ओळी मिरवत, मान ताठ करून त्या भर उन्हात रस्त्याच्या मधोमध चालत होत्या, आणि मागून सुई-दोरा घेऊन टाचणीमावशी धावत होत्या.