काशादादाला घरी नेलं तो दिवस

पोरगी गेली, हे काशिनाथ सोडून मैदानातल्या सगळ्यांना माहीत होतं.

आज सकाळी मुरूडला काशादादा गेला. नव्वदीला टेकला होता. झोपेतच गेला म्हणे.
त्याच्या नातीचा फोन आल्यापासून मला दुसरं काही सुचत नाहीये. म्हणून ही पोस्ट.

तुमच्यातल्या बहुतेकांनी त्याचं नावही ऐकलेलं नसेल.

साठ सालानंतरची गोष्ट. कबड्डीला आम्ही तेव्हा हुतूतूच म्हणायचो. मुरूडच्या कोळीवाड्यातला काशिनाथ हा आमचा स्टार. दर्यावरून आला की थेट मैदानात. तो चढाईला निघाला की बसलेली माणसं उभी राहायची.
मी विशीतला होतो. आम्ही काहीजण तो खेळेल तिथे जायचो. आजच्या भाषेत फॅन.

त्या वर्षी फायनल होती बोर्ली पंचतनला. बोर्लीवाले आमचे जुने वैरी. त्यांचं पब्लिक काशादादाला नाही नाही ते बोलायचं. तो हसायचा आणि अजून आत घुसायचा.

आदल्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा त्याची शेवंती तापानं पडली होती. पाच वर्षांची पोर. घसा दुखतो म्हणत होती.
तो ओट्यावर घुटमळला.
बायको म्हणाली, "जावा तुम्ही. ताप काय, उतरंल."
म्हणून आला.

मॅच रंगात आली होती, तेवढ्यात त्याचा मेहुणा महादू मैदानात शिरला. खाडी ओलांडून आला होता. काशादादाकडे गेलाच नाही. आमच्याजवळ आला आणि मातीत बसला.

"घटसर्प होता," तो म्हणाला. "सकालीच गेली. मला न्हाय सांगवत त्याला. घरापर्यंत नेऊया, मग कलंल."

आम्ही पंचांच्या कानावर घातलं. पंचांनी बोर्लीचा कॅप्टन दत्ताराम याला सांगितलं. तिथून ते पब्लिकमध्ये पसरलं. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, एका कोपऱ्यातून आवाज बंद होत होत सगळं मैदान गप्प झालं.

मॅच थांबली. दत्ताराम काशादादाजवळ गेला.
"घरून निरोप आलाय. पोरीला जास्त झालंय. तुम्ही निघा."

काशादादानं शर्टसुद्धा घातला नाही. हातात घेऊन पळत सुटला.

बोर्लीचे इब्राहिमशेठ मॅच बघायला आले होते. सुपारीचा व्यापार त्यांचा. त्यांचा ट्रक बाजारात भरून उभा होता. त्यांनी सुपारीची पोती तिथंच रस्त्यावर उतरवली.
"काशिनाथ, तू पुढं बस माझ्याजवळ," एवढंच बोलले.
मागे आम्ही मुरूडवाले, आणि आमच्याइतकेच बोर्लीवाले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

दिघीच्या धक्क्यावर पोचलो तर पूर्ण ओहोटी. होडी चिखलात बसलेली.

काशादादा पहिला उतरला. मांडीपर्यंत चिखल.
"बेगीन ढकला रे," तो म्हणाला. "बेगीन."

आम्ही सगळे उतरलो. दत्ताराम उतरला. इब्राहिमशेठ त्यांच्या पांढऱ्या कपड्यांत उतरले. ज्यांनी तासाभरापूर्वी त्याला शिव्या घातल्या होत्या ते उतरले.

आणि आम्ही ढकलत होतो. जीव खाऊन ढकलत होतो.

ते ढकलणं मी आजपर्यंत कुणाला समजावून सांगू शकलेलो नाही. तो बेगीन म्हणाला की आम्ही अजून जोर लावायचो. त्या घाईचा काही उपयोग नाही, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी कुणी हात सोडला नाही. दुसरं करणार तरी काय होतो आम्ही?

होडी पाण्याला लागली. पलीकडे राजपुरी. तिथून मुरूडपर्यंत तो पुढे आणि आम्ही मागे, धावत.

घरासमोर बायका बसलेल्या दिसल्या. तो थांबला. मग हळूहळू चालत आत गेला.

आम्ही बाहेर उभे राहिलो. चिखल अंगावर वाळत होता. आत कोण रडतंय ते कळत होतं.

काही दिवसांनी बोर्लीची माणसं फायनलची ढाल घेऊन आली. आमच्याकडून काशिनाथला, म्हणाली. त्याच्या बायकोनं ती आत नेली. थोड्या वेळानं परत बाहेर घेऊन आली.
"कुठं ठेवू ही?" तिनं विचारलं.
सरळ विचारलं होतं तिनं.

पुढच्या वर्षी तो पुन्हा उतरला. आम्ही सगळे गेलो होतो. पण तो चढाईला निघाला आणि कुणाच्या तोंडून आवाज फुटेना. ओरडावं की नाही, हेच ठरेना. एवढी माणसं, आणि फक्त त्याचा हुतूतू ऐकू येत होता. मध्येच त्याचा दम तुटला.
नंतर तो खेळला नाही. पुढे दोन मुलं झाली, नातवंडं झाली. मैदानाकडे मात्र फिरकला नाही.

बऱ्याच वर्षांनी एकदा दुपारी तो जाळं शिवत बसला होता, मी शेजारी होतो. धीर करून विचारलं.
"दादा, तुला घरी पोचल्यावरच कळलं ना?"

सुतळी ओढत तो म्हणाला, "न्हाय रं. महादू मैदानात आला, त्याचं तोंड बघितलं तवाच कललं व्हतं."

"मग तू घाई का करत होतास?"

त्यानं सुतळीला गाठ मारली.

"तुम्ही एवढी माणसं चिखलात उतरलात. शेठ उतरले. तुम्हाला काय सांगू, राहू द्या म्हणून?"

मी तिथंच बसून राहिलो. तो जाळं शिवत राहिला.

काशादादा, त्या चिखलात उतरलेल्यांपैकी आता मी आणि दत्ताराम, दोघंच उरलोय. दत्तारामला मघाशी फोन केला.

आम्हा दोघांचा तुला शेवटचा नमस्कार.