आईची जिंकणारी टीम

आफ्रिकेतल्या एका टिचभर देशाच्या फुटबॉल टीमचा इतिहास तोंडपाठ असणारी बाई नंदुरबार जिल्ह्यात शोधाल तर मी एकटीच सापडेन. देशाचं नाव सांगणार नाही, त्या बिचाऱ्यांची आधीच पुष्कळ शोभा झालेली आहे. मी शाळेत भूगोल शिकवते, आणि तरीही धाकटा भाऊ तिकडे निघाला तेव्हा तो देश नकाशावर शोधायला मला चष्मा पुसावा लागला होता.

भाऊ साखर कारखान्यात पॅनमन. म्हणजे उसाचा रस आटवून त्याचा दाणा पाडणारा माणूस. आमच्याकडचा कारखाना एका हंगामात सुरूच झाला नाही, आणि आपल्या भागातले बरेच पॅनमन जातात तसा तोही आफ्रिकेत गेला. तिकडे कारखान्याभोवती ऊस, उसापलीकडे नदी आणि करमणूक म्हणून एकच गोष्ट, देशाची फुटबॉल टीम. तीही अशी, की बघणाऱ्याने कपाळाला हात लावावा.

काय सांगू त्या टीमची कर्मकहाणी! त्यांचं मैदान तपासणीत नापास झालेलं, त्यामुळे घरची मॅचसुद्धा शेजारच्या देशात जाऊन खेळायची. एकदा तिकिटंच काढायची राहिली म्हणून अख्खी टीम विमानतळावर बॅगांवर बसून राहिली आणि समोरचे न खेळता जिंकले. एकदा माणसं कमी पडली तर राखीव गोलकीपरला पुढे पळवला, तो बिचारा सवयीने बॉल हाताने धरून बसला. परदेशातून एक कोच आला, मोठमोठ्या बाता मारल्या आणि पाच महिन्यांत पळाला. कारखान्यातले म्हातारे कामगार मात्र सांगायचे की त्यांच्या तरुणपणी ही टीम एका मोठ्या स्पर्धेच्या दारापर्यंत गेली होती, आणि शेवटच्या दिवशी पेनल्टी खांबाला लागून परत आली. तेव्हापासून त्या देशात चार माणसं जमली की कोणीतरी म्हणणारच, बॉल दोन बोटं आत गेला असता तर! हे सगळं मला भाऊ फोनवर सांगायचा. पण तो फुटबॉलच का सांगायचा, त्याला कारण आहे आणि ते कारण मी आहे.

आमच्याकडे मेल्याची बातमी फोनवर सांगत नाहीत. माणूस जाऊन चार तास झालेले असतात, तिरडी बांधून तयार असते, तरी लांबच्या मुलाला फोन जातो तो एवढाच, 'तब्येत जराशी नरम शे, ई जाय.' म्हणजे जरा बरं नाही, निघून ये. हेतू चांगलाच असतो. वाटेत पोराला काही होऊ नये, त्याने धड घरी पोचावं. भावाला तिकडे दुसरं वर्ष लागलं आणि आमचे वडील शेतातून येऊन ओट्यावर बसले ते बसल्या जागीच गेले. काकांनी फोन माझ्या हातात दिला आणि डोळ्यांनी दटावलं. मी भावाला सांगितलं, "बाबा जरासा नरम शेतस. ई जाय."

तो दोन दिवस प्रवास करून आला. सुरतेला गाडी थांबली तेव्हा उतरून त्याने वडिलांसाठी सफरचंदं घेतली होती, लोकरीची कानटोपी घेतली होती. गल्लीच्या तोंडाशी त्याला चुलतभाऊ दिसला, डोकं भादरलेला, खांद्यावर पांढरा पंचा. अग्नी त्यानेच दिला होता. भावाने ती पिशवी रस्त्यातच सोडली. मग माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि आवाज न चढवता म्हणाला, "अक्का, तू माले फसाडं. आते पुन्हा कधी म्हनशी ना, माय नरम शे, तर मी समजी जासू." मी म्हटलं, काकांनी सांगितलं म्हणून बोलले रे. तर म्हणाला, तोंड तर तुझंच होतं ना.

तो परत गेला आणि पुढे कितीतरी महिने माझ्याशी सरळ बोलला नाही. रविवारी फोन यायचा, कार्डावरचा, मोजक्या मिनिटांचा. बरा आहेस का, बरा आहे, मग दोघंही गप्प. कार्डाची मिनिटं नुसती जळायची. एकदा त्या शांततेला कंटाळून त्यानेच सांगितलं की इथली टीम काल सहा गोलांनी हरली. मला हसू फुटलं, तोही हसला. त्या दिवसापासून आमचं बोलणं म्हणजे फुटबॉल. मेलं ते मेलं, हरलं ते हरलं, निदान त्यात कोणी कोणाला फसवत नव्हतं.

फसवत होतो आम्ही फक्त आईला. वडिलांमागे ती दिवसभर खाटेवर बसून दाराकडे बघायची. आमचं हसणं ऐकून तिने विचारलं, काय आहे? मी म्हटलं, भाऊ राहतो तिथल्या पोरांची बॉलची मॅच होती. लगेच तिचा प्रश्न, "जिकनात का आपला?" आपले! मुलगा तिकडे गेला म्हणजे तो देश आईचा झाला. माझ्या तोंडून निघून गेलं, "जिकनात, माय. दोन गोल." आईचा चेहरा असा काही उजळला की पुढच्या रविवारी खरं सांगायची माझी छाती झाली नाही. मग दर वेळी तेच. सहा गोलांनी हरले, आईसाठी तीन गोलांनी जिंकले. विमानतळावर अडकले, आईसाठी समोरचे घाबरून आलेच नाहीत. भावालाही मजा वाटायची, तोही तिकडून फोडणी घालायचा. गल्लीत आई बायकांना मुलाची फुशारकी सांगायची, "मन्हा आंडोर ज्या देशमा शे ना, तठली टीम कोनाले आयकत नही!" एकदा तिने फोन माझ्या हातातून ओढून घेतला आणि भावाला म्हणाली, "माले एकदाव दखाड रे त्यासनी मॅच." तो म्हणाला, दाखवीन. अशी चार वर्षं गेली.

मग एके सकाळी मी शाळेला निघाले होते आणि आईच्या हातातून कप पडला. तोंड डावीकडे ओढलं गेलं होतं, उजवा हात, उजवा पाय मेलेला. नंदुरबारच्या दवाखान्यात पाच दिवस ठेवलं. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, सेवा करा, आणि मुलगा लांब असेल तर बोलावून घ्या. वाचा गेली होती. घशातून नुसतं 'अं... अं...' यायचं. पण शुद्ध होती हो! सगळं कळत होतं. डावा हात उचलून ती दाराकडे दाखवायची, म्हणजे तो कधी येतो?

मी भावाला फोन लावला. बोलायच्या आधीच मला ठाऊक होतं, माझ्याकडे दुसरे शब्दच नव्हते. "माय नरम शे रे. खरंच नरम शे. मेली नही. तू नींघ."

तो म्हणाला, "मायले फोन दे."

"मायनी वाचा गयी रे."

"हाव," तो म्हणाला. त्या एका होकारात काय होतं ते मला आजही सांगता येत नाही. मग अगदी हळू त्याने विचारलं, "कितला वाजता गयी?"

मी किंचाळले. शपथा घातल्या, आईची, बाबांची, देवाची. तो म्हणाला, "बाबाना टाइमले बी तुन्हा आवाज असाच व्हता," आणि फोन ठेवला. पुन्हा लावला तर उचलेना. तेव्हा त्याचा फोन साधा बटणांचा, माझाही तसलाच. चेहरा दाखवायची काही सोय नव्हती. घायकुतीला येऊन मी काकांच्या फोनवरून लावला, तो त्याने उचलला, आणि काकांनाच बोलायला लावलं, मोठ्या माणसाचं तरी ऐकेल म्हणून. झालं! काकांनी फोन कानाला लावून तेच म्हटलं, त्याच गुळमुळीत सुरात, "भाऊ, माय जराशी नरम शे, ई जाय." त्यांना दुसरं येतच नव्हतं. मला त्यांच्या हातातला फोन भिंतीवर आपटावासा वाटला. त्यानंतर त्याने कोणाचाच फोन उचलला नाही.

नंतर कळलं ते असं. त्याने हिशोब केला, आई गेली, अग्नी दिला, आपण आता पोचून राखच बघायची. गाळप ऐन भरात होतं, रजा मिळण्यासारखी नव्हती. त्याने तिथेच डोकं भादरलं. गूळ-साखर तोंडात घातली नाही, आणि कामावर दिवसभर साखरेच्या वाफेत उभा. इकडे आई खाटेवर पडून दाराकडे बघत होती. मी तिला सांगायचे, निघाला, विमानात बसला, येतो आहे. डावा हात वर करून ती बोटं उघडझाप करायची. रविवारी फोनची वेळ झाली की फोनकडे बोट दाखवायची. मी म्हणायचे, जिंकले माय, जिंकले. मग ती हाताची मूठ करायची आणि डोळे मिटायची. मी मोरीत जाऊन नळ सोडून रडायचे.

दहाव्या दिवशी त्याने नदीवर जाऊन पिंड ठेवला. कोल्हापूरकडचा एक फिटर सोबत होता, त्यालाच जमेल तेवढे मंत्र येत होते. कावळे तिकडेही आहेत, छातीवर पांढरा पट्टा असलेले. पण कावळा शिवेना. आपल्यात अशा वेळी गेलेल्या माणसाची राहिलेली इच्छा ओळखून मोठ्याने वचन देतात, तसं हा देत बसला. अक्काला सांभाळीन. शेत विकणार नाही. लग्न करीन. कावळे झाडावर बसून बघत होते, खाली एक उतरेना. अहो, कसा उतरेल? जिवंत बाईच्या पिंडाला कुठला कावळा शिवेल! पण याच्या डोक्यात ते येईना. आईला आणखी काय हवं होतं ते तो आठवत बसला, आणि त्याला आठवलं, एकदा मॅच दाखव.

योग असा, की टीमचं मैदान त्याच महिन्यात पास झालं होतं आणि कितीतरी वर्षांनी घरची मॅच घरी होती, त्याच दुपारी. त्याने कावळ्यांना हात जोडून सांगितलं, माय, आज तुझ्या डोळ्यांनी मी बघून येतो. तरीही कोणी शिवलं नाही. शेवटी दर्भाच्या ऐवजी उसाच्या पाल्याचा कावळा करून त्याने पिंडाला लावला आणि भादरल्या डोक्याने कामगारांच्या ट्रकमध्ये जाऊन बसला.

आणि ती टीम, जन्माची हरणारी, त्या दिवशी जिंकली. एक-शून्य. शेवटी-शेवटी कोणाच्या तरी गुडघ्याला लागून बॉल आत गेला.

आमच्याकडे दिवेलागणीला फोन वाजला. पलीकडे भोंगे, शिट्ट्या, ढोल, आणि त्यात भाऊ लहान पोरासारखा रडत होता. "अक्का, जिकनात वं! खरंच जिकनात! आज माय पाहिजे व्हती."

"शे ना रे!" मी ओरडले. "आठेच शे! ऐक!" आणि फोन आईच्या कानाला लावला. तिकडून तो काय बोलला ते मला कळलं नाही. आईचे डोळे मोठे झाले. जोर लावून तिने घशातून आवाज काढला, अं... अं... अं... आणि डावी मूठ वर केली. जिंकल्याचं तिला काय नवल? तिच्या लेखी ते दर वेळीच जिंकायचे. तिला मुलाचा आवाज आला होता, तेवढंच.

मी फोन परत कानाला लावला तेव्हा पलीकडे फक्त भोंगे ऐकू येत होते. मग त्याचा आवाज आला, ओळखू न येणारा. "अक्का, मी मन्ही जित्ती मायना पिंड पाडी उनू." आणि मग, "नींघस. आत्ते नींघस."

नींघस म्हणाला, पण निघणं एवढं सोपं कुठलं? पासपोर्ट कंपनीच्या ऑफिसात, साहेब गावाला, विमान आठवड्यातून ठरलेल्या दिवशीच. तीन दिवस गेले त्यात. चौथ्या दिवशी तो विमानात बसला, आणि पाचव्या दिवशी पहाटे आईने माझ्या हातून दोन चमचे पाणी घेतलं, तिसऱ्याचं ओठाबाहेर आलं.

सकाळी नऊच्या सुमाराला मुंबईहून फोन आला. घर भरलेलं होतं. काकांनी मला बघून दोन्ही हात हलवले, सांगू नको, सांगू नको. भाऊ धापा टाकत म्हणाला, "अक्का, उतरनू. कशी शे माय?"

मी एकदा खोटं बोलून त्याला गमावला होता. एकदा खरं बोलून आईचे दिवस वाया घालवले होते. त्याच्याशी आता पुन्हा खोटं बोलणार नाही, मेले तरी नाही, असं मी त्या खाटेशी बसून ठरवलं होतं. मी म्हटलं, "गयी रे. आज पहाटे गयी."

काकांनी फोन हिसकावला, बायकांनी मला तोंडावर शिव्या घातल्या, पोराचं वाटेत बरंवाईट झालं तर, म्हणाल्या. तो संध्याकाळी आला, चालत, शांत. त्याच्यासाठी थांबवलं होतं. अग्नी त्याने दिला. मला वाटलं, एवढं तरी मी नीट केलं.

तेराव्याचं आटोपल्यावर पाहुणे गेले. आम्ही दोघं मागच्या दारी भांडी घासत होतो, मी घासत होते आणि तो विसळत होता. डोक्यावर त्याचे केस दुसऱ्यांदा उगवू लागले होते. तो म्हणाला, "अक्का, तू सांगाले नको व्हतं."

मी म्हटलं, "तूच म्हने ना, माले फसाडू नको?"

"म्हने," तो म्हणाला. "पन निदान नंदुरबारलोंग तरी मन्ही माय जित्ती ऱ्हाती."

मुंबई ते नंदुरबार आठ तास लागतात. तेवढे तास त्याची आई माझ्या हातात होती, आणि मी ती त्याला दिली नाही.