नरहरीभाऊजींचा शनिवार

बोरसीच्या आमच्या घरामागच्या दोन खोल्यांत नरहरीभाऊजी अकरा वर्षं भाड्यानं राहिले. एकट्या माणसाला एक पुरली असती, दुसरी कलावतीसाठी. कलावती म्हणजे त्यांची बायको, गोंदियाला जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. भाऊजी कुम्हारीच्या एका ओतकामाच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळत. लग्न झाल्यापासून यांचा संसार शनिवारी संध्याकाळी दुर्गहून गाडीत बसायचा आणि सोमवारी पहाटे परत यायचा.

चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात कलावतीचं पत्र आलं. गोंदियाच्याही पलीकडं, बसनं जायच्या एका गावच्या शाळेत तिला हेडमास्तरीण करत होते. होकार की नकार, ते रविवारी सकाळी केंद्रप्रमुखांच्या हाती द्यायचं होतं. खाली लिहिलं होतं, ‘शनिवारी या. समोर बसून ये म्हणालात, तर नोकरी सोडून येते. पत्रात लिहू नका, तोंडानं म्हणा.’

“म्हणतोच, वहिनी,” भाऊजी म्हणाले, आणि त्याच आठवड्यात त्यांनी दुसऱ्या खोलीला चुना मारला. कलावतीला कोणत्या भिंतीला आरसा लागेल, हेही मला विचारून झालं.

तो शनिवार नेमका विश्वकर्मा पूजेचा. कारखाना बंद, भट्टी थंड. सगळ्यांनी आपापली हत्यारं धुऊन-पुसून, हळदकुंकू लावून मूर्तीपुढं मांडली. पूजेतली वस्तू दुसऱ्या दिवशी विसर्जन होईपर्यंत उचलायची नाही, असा तिथला रिवाज.

बॅकअप मात्र सुट्टीतही चुकत नसे. चार कॉम्प्युटरांतली साच्यांची मापं आणि ऑर्डरी दर शनिवारी एका तारेवरून कोपऱ्यातल्या मोठ्या पेटीत उतरवून ठेवायच्या. दोन वर्षांपूर्वी एक डिस्क बसली, तीन महिन्यांची मापं गेली. कोणी बोललं नव्हतं, पण भाऊजी तेव्हा चार दिवस नीट जेवले नव्हते.

त्या दुपारी दोन वाजता बॅकअप लावला, तर कॉम्प्युटरला पेटी सापडतच नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून पाहिलं, तेच. पासवर्ड पुन्हा टाकला. पेटी बंद करून सुरू केली. तार ठिकठिकाणी दाबून पाहिली. शुक्रवारी तर सगळं ठीक होतं! साडेतीनला रायपूरच्या इंजिनिअरला फोन लागला.

“चारों बंद? तो तार का आखिरी सिरा देखो भैया. कैप लगी है?”

तारेच्या टोकाला अंगठ्याएवढं एक टोपण असतं. ते निघालं, की सगळी तारच मुकी होते. भाऊजींनी टोक पाहिलं. टोपण नव्हतं. आणि मग आठवलं. सकाळी सगळ्यांनी पाने-पकडी, हातोड्या मांडल्या. आपलं हत्यार काय म्हणून भाऊजींनी स्वतःच ते टोपण काढून, पुसून, देवापुढं ठेवलं होतं.

मूर्तीजवळ म्हातारे फोरमन भाऊराव बसले होते.

“भाऊराव, ते टोपण पाहिजे मले.”

“आत्ता? पूजेतलं हत्यार उचलते का कोणी?”

“हत्यार नाही हो ते, टोपण आहे.”

“मंग मांडलं कावून?”

भाऊजींचा चेहरा पाहून भाऊरावांनीच हात जोडले, अक्षता वाहिल्या आणि टोपण उचलून दिलं. “घे. कारीगराचा देव आहे, समजून घेईल.”

टोपण बसलं, पेटी सापडली, बॅकअप सुरू झाला. तेव्हा साडेचार झाले होते. पाचची बस धरली तरच दुर्गला गोंदियाची शेवटची गाडी मिळत होती, आणि बॅकअपला तास लागणार होता.

“तू जाय,” भाऊराव म्हणाले. “मी बसतो इथं. फक्त पाहाचंच तर आहे.”

“मधात थांबला तर?”

“थांबला तर थांबला. सोमवारी पाहून घेजो.”

भाऊजी पिशवी घेऊन फाटकापर्यंत गेले. भाऊराव सांगतात, तिथं उभे राहिले, आणि परत येऊन खुर्चीवर बसले. बॅकअप एकदाही न थांबता साडेपाचला पुरा झाला.

रविवारी सकाळच्या गाडीनं ते गेले आणि त्याच संध्याकाळी परत आले. सोमवारची पहाट होईपर्यंत ते तिकडं राहिले नाहीत, असं पहिल्यांदाच झालं. मी चहा नेऊन दिला.

“वहिनी, पोचलो तर तिनं होकार देऊन टाकला होता. म्हणे, सकाळी आठपर्यंत वाट पाहिली. वाटलं, तुमाले म्हणाचं नसंन, म्हणून तुमी आले नाही.”

“तुम्ही सांगितलं ना, काय झालं ते?”

“सगळं सांगितलं. तिनं एकच विचारलं, तिथं बसाले दुसरं कोणी नव्हतं काय?”

“मग?”

“होते म्हटलं, भाऊराव होते.” भाऊजींनी कप खाली ठेवला. “मंग उठली. मले जेवाले वाढलं.”

चुन्याचा वास अजून खोलीत होता. मी कप उचलला. भाऊजींनी विचारलं, “तुमचं माहेर गोंदियाचं ना, वहिनी? तिच्या नव्या गावची बस स्टेशनासमोरून सुटते, का डेपोतून?”

“डेपोतून,” मी म्हटलं. “पण शनिवारी तुमची गाडी पोचल्यावर एखादी असते का, ते नाही माहीत मला.”