कुठली कुर्ली?

भाद्रपदातल्या संध्याकाळी वसतिगृहाच्या जांभ्याच्या पायऱ्यांना ओलसर, किंचित लोखंडी वास येत असे, आणि त्या पायऱ्यांवर बसून सायली आणि मी भांडत असू. वर्गात मला तोंड उघडवत नसे. आमच्या घरातून कॉलेजात येणारी मी पहिलीच. विचारायला जावं आणि नेमका एखादा शब्द गावठी निघावा, ही भीती वाटायची. पायऱ्यांवर मात्र मुंगी झोपते का, माशाला तहान लागते का, अशा प्रश्नांवर माझा आवाज मलाच नवा वाटावा इतका चढे.

मग सायलीकडे नवा फोन आला. "थांब गो, बघते," ती म्हणायची, की वाद मिटला. उत्तर बहुधा बरोबरच असे, त्यामुळे तक्रार तरी कशाची करणार? पण त्यानंतरच्या शांततेत मी पुन्हा वर्गातली होऊन जाई.

एकदा ती म्हणाली, "कुर्ली खावी तर अमावास्येला. पुनवेला नुसतं कवच." ती दाभोळची, खाडीकाठची.

"काहीतरीच! आमच्याकडे कुर्लीला चंद्र कोण विचारतो?"

"मंडणगडच्या डोंगरात कुठली गो कुर्ली? विहिरीत पाळता काय?"

तिने फोनवर शोधलं. एक मोठा, हिरवट, जाड नांग्यांचा खेकडा पडद्यावर आला.

"ही बघ."

"ही कुर्ली नव्हेच," मी म्हणाले.

तिने मान वर केली. एकाच शब्दाखाली आम्ही दोघी दोन वेगळ्या जिवांवरून भांडत होतो. तिची खाडीतली, भरती-ओहोटीवर वाढणारी. माझी ओढ्यातल्या दगडाखालची. फोनला विचारायचं तरी कुठल्या कुर्लीबद्दल?

"मग तुमची कशी असते?" तिने मलाच विचारलं.

मी सांगू लागले. ओढ्याचं गार पाणी, दगड उचलायचा तो अलगद, नाहीतर सगळं गढूळ होतं, आई नांग्या ठेचून त्यांचा रस कसा काढते, सारं जसं घरी बोलतो तसंच. अमावास्येचं खरंखोटं राहूनच गेलं.

"शी! एवढीशी कुर्ली, तिच्यात खायचं काय?" सायली म्हणाली, आणि मी इतक्या मोठ्याने उत्तर दिलं की वर जाणाऱ्या मुली थबकून ऐकू लागल्या. एरवी मी तिथेच गप्प झाले असते. त्या संध्याकाळी, आपला शब्द बरोबर आहे ना, हे पाहायचं मला सुचलंच नाही.