आत्याची चुकलेली घडी

आत्या लिंबायतच्या कामगार वस्तीत आमच्याच खोलीत राहायची. घरबसल्या साड्यांच्या घड्या घालायची. वीस वर्षांत तिला कधी हाताकडे बघावं लागलं नव्हतं. एका दिवाळीनंतर मात्र काठ आत जाऊ लागले आणि व्यापाऱ्याने गठ्ठा परत पाठवला. मग ती भिंत धरून चालू लागली, झोपेत हात झटकू लागली. दोन महिन्यांत तिला माझ्या आईचीही ओळख राहिली नाही.

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. वडिलांनी, म्हणजे नानांनी, यंत्रमागावर राबून शिकवलेली, घरातली पहिली पदवीधर मीच. डॉक्टर म्हणाले, “प्रायॉन.” मला पुस्तकातले दोनच शब्द आठवले, संसर्गजन्य प्रथिन. घरी येऊन तेवढेच सांगितले. शिकलेल्या पोरीला उलट कोण विचारणार? आईने त्याच दिवशी आत्याचं अंथरूण दाराशी नेलं. आत्या हाका मारायची, आई घास लांबूनच सरकवायची.

चौथ्या दिवशी मला ते बघवेना. पुन्हा डॉक्टरांकडे गेले. “अहो, हात लावल्याने, भरवल्याने होत नाही. मेंदूच्या ऑपरेशनच्या हत्यारांवरून तेवढा जाऊ शकतो, ते आम्ही बघतो,” ते म्हणाले.

घरी सगळ्यांसमोर कबूल केलं, हा जंतू नाही, हात लावल्याने होत नाही, चूक माझी.

नाना म्हणाले, “जंतू नई, मंग शे काय?”

“आपल्याच शरीरातलं प्रथिन, नाना. त्याची घडी चुकते. आणि ते शेजारच्या प्रथिनाला भिडलं की त्याचीही तशीच चुकते.”

“मंग उलगडी टाक ना!”

“नाही उलगडत. उकळलं तरी नाही.”

कॉलेजात तीन वर्षं जंतू कसे मारायचे तेच शिकले होते. इथे मारायला आत कोणी जिवंतच नव्हतं. फक्त एक आकार होता, आणि तो पसरत होता.

तोवर आई तेलाची बाटली घेऊन दाराशी बसली होती. “चार दिनपाईन वेणी नई घाली व तुनी,” म्हणत तिने आत्याचं डोकं मांडीवर घेतलं.

तेच प्रथिन, नीट घडीचं, त्या खोलीतल्या प्रत्येक डोक्यात होतं. आत्याच्या डोक्यात पहिली घडी का चुकली, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नव्हतं. आई बोटांनी हळूहळू भांग पाडत होती.