चिंचेनं घासलेली पाटी
चिंचेच्या कोळाचा वास आला की निजामाच्या काळातली, हिंगोलीतली सासऱ्यांची जुनी छोटी मोटार आठवते. दसऱ्याच्या तोंडावर ती बंद पडली, तेव्हा मिस्त्री म्हणाला, "दातेरी चाक तुटलं. मुंबईहून मागवाया गाडीचं नाव पाहिजे." सासरे गोंधळले, "फ्रान्सची हाय, एवढंच माहीत. नाव पुढच्या पितळी पाटीवर असंल." पाटी आरशासारखी कोरी निघाली. दर दसऱ्याला पूजेच्या भांड्यांसोबत मीच ती चिंच-राखेनं घासत आले होते. "वैनी, काहून एवढं घासलं?" मिस्त्रीनं विचारलं. परवा नातवानं पुस्तकात तशाच तीन फ्रेंच गाड्या दाखवून विचारलं, "आजी, यातली आपली कोणती?" तिन्हींच्या पाट्यांवर नावं होती, मला आठवत होती नुसती चकाकी.